आधी रोजकीर्द, मग खतावणी

सबमिशनचा आठवडा आला की हॉस्टेलवर दोनच विषय असतात. एक मेसची भाजी आणि दुसरा लॅबचा सर्व्हर. भाजीबद्दल लिहायचं तर हा अख्खा अंक पुरणार नाही, म्हणून सर्व्हरबद्दल लिहितो.

सर्व्हर हळू चालायला लागला की प्रत्येक जण डॉक्टर होतो. कोणी म्हणतं, "डिस्क वाढवा." कोणी म्हणतं, "रॅम टाका." थर्ड इयरचा एखादा हुशार गडी म्हणतो, "सगळं काढून एस.एस.डी. बसवा, विषय संपला!" मग कोटेशन येतं, ऑफिसात फिरतं आणि मार्च अखेरीस परत जातं. पुढच्या वर्षी पुन्हा तोच आठवडा, तीच भाजी, तोच सर्व्हर.

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. सात-आठ डिस्कचा रेड ॲरे असलेला सर्व्हर जेव्हा लिहिण्यात अडखळतो, तेव्हा दुखणं नुसतं डिस्कच्या संख्येत नसतं. "लिहून झालं" ही पोच तो कुठे पोचल्यावर देतो, यात खरी मेख असते. त्या जागी वीज गेली तरी न विसरणारी थोडी मेमरी बसवली, म्हणजेच पर्सिस्टंट मेमरी, तर त्याच जुन्या डिस्क चांगल्या पळायला लागतात. आणि ती न बसवता पोच मात्र लवकर द्यायला लावली, तर सर्व्हर पळतो खरा, पण खोटं बोलून पळतो. हा फरक आपण शिकलो नाही, तर इंजिनिअरिंगची चार वर्षं मेसच्या भाजीतच गेली असं समजावं.

आधी गोष्ट सोपी करून घेऊ. दौंड तालुका म्हणजे उसाचा आणि गुऱ्हाळांचा मुलूख. बाजाराच्या दिवशी एखाद्या आडत्याच्या गाळ्यावर जाऊन उभे राहा. गुळाच्या ढेपा उतरताहेत, वजन होतंय, बोली लागतेय. मुनीमजी काय करतात? प्रत्येक शेतकऱ्याचा माल आला की खतावणी काढून, त्याचं पान शोधून, मागची बाकी बघून, तिथे आकडा घालत बसत नाहीत. तसं केलं तर रांग रस्त्यापर्यंत जाईल. ते समोरच्या रोजकीर्दीत आल्या क्रमाने एकेक ओळ लिहितात आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी देतात. शेतकरी मोकळा. संध्याकाळी गर्दी ओसरली की मुनीमजी निवांत बसून रोजकीर्दीवरून खतावणी करतात. एकाच शेतकऱ्याच्या चार नोंदी असतील, तर त्याचं पान एकदाच उघडावं लागतं.

आता समजा, मुनीमजींनी आणखी घाई केली. रोजकीर्दही नको, सगळं डोक्यात ठेवतो म्हणाले आणि धडाधड पट्ट्या फाडल्या. काम आणखी जलद होईल. रांग दिसणारसुद्धा नाही. पण दुपारी मुनीमजींना भोवळ आली, तर? पट्ट्या लोकांच्या हातात आहेत, आणि वहीत काहीच नाही!

मुनीमजींचं डोकं म्हणजे साधी रॅम. खतावणी म्हणजे डिस्कचा ॲरे. आणि रोजकीर्द म्हणजे पर्सिस्टंट मेमरी. लिहायला डोक्याइतकी नाही तरी जवळजवळ तितकीच जलद, आणि भोवळ आली तरी शाबूत. फाइल सिस्टीमच्या पुस्तकात 'जर्नल' हा शब्द येतो, तो हिशेबाच्या भाषेतला रोजकीर्दीचाच शब्द आहे. आपल्याकडच्या प्रत्येक दुकानदाराला जे ठाऊक आहे, तेच कॉम्प्युटरवाल्यांनी उचललं.

आता रेडकडे वळू. १९८८ साली बर्कली विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक पेपर लिहिला. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी पुष्कळ स्वस्त डिस्क एकत्र बांधा, आणि त्यातली एखादी मेली तरी डेटा वाचावा म्हणून थोडी जादा माहिती ठेवा, ही त्यातली कल्पना. रेड-५ मध्ये ही जादा माहिती म्हणजे पॅरिटी. सगळ्या डिस्कवरच्या त्या ओळीतल्या बिट्सचा एक्स-ऑर. डी.एल.डी.च्या पेपरात दोन मार्कांना येतो तोच.

वाचताना काही त्रास नाही. लिहिताना मात्र गंमत आहे. एक छोटा तुकडा बदलायचा तर चार कामं करावी लागतात: जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा. मिनिटाला ७२०० फेरे मारणाऱ्या डिस्कला एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंद. शिवाय हेड सरकायला आठेक मिलिसेकंद. मिळून बारा. म्हणजे एक डिस्क सेकंदाला इकडेतिकडे विखुरलेली ऐंशीच्या आसपास कामं करते. आठ डिस्क म्हणजे ६४०. पण प्रत्येक छोट्या लिखाणाला चार कामं, म्हणून ६४० ला चाराने भागा: १६०. आठ डिस्कचं एवढं मोठं धूड, आणि सेकंदाला छोटी लिखाणं फक्त १६०! रेड-६ घेतलं तर पॅरिटी दोन, म्हणून कामं सहा, आणि आकडा १०७ च्या आसपास येतो. साठ जणांची बॅच एकदम 'सेव्ह' दाबते, त्यात डेटाबेस प्रत्येक सेव्हला पाच-सहा ठिकाणी लिहितो; मग सर्व्हर रडणार नाही तर काय करणार?

इथे रोजकीर्द आणा. आलेलं लिखाण आधी पर्सिस्टंट मेमरीत ओळीने नोंदवा आणि लगेच पोच द्या. डिस्कवर नंतर, गोळा करून लिहा. आठ डिस्कच्या रेड-५ मध्ये एका पट्ट्यात डेटाचे सात तुकडे आणि पॅरिटीचा एक असतो. हे सात तुकडे सुटे सुटे लिहिले तर सात गुणिले चार, म्हणजे २८ कामं. सातही जमवून एकदम लिहिले, तर जुनं काही वाचावंच लागत नाही. पॅरिटी मेमरीतच काढायची आणि आठ लिखाणं करायची. २८ च्या जागी ८. डिस्क त्याच, मोटर तीच, फक्त वही आली.

वेगाचा फरक डोळ्यांसमोर यावा म्हणून एक हिशेब. पर्सिस्टंट मेमरीला ३०० नॅनोसेकंदांच्या घरात वेळ लागतो असं धरा. ते ३०० नॅनोसेकंद म्हणजे एक सेकंद मानला, तर फिरत्या डिस्कचे बारा मिलिसेकंद म्हणजे अकरा तास होतात. एक सेकंदात मिळणारी पोच आपण अकरा तास थांबून घेतो आहोत!

वेग हा अर्धाच फायदा आहे. दुसरा अर्धा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि व्हायव्हात तो कोणी विचारत नाही. रेड-५ ला एक जुना आजार आहे. इंग्रजीत त्याला 'राइट होल' म्हणतात, आपण 'लिखाणातलं भोक' म्हणू. एक उदाहरण कागदावर करून बघा. तीन डिस्कवर डेटा आहे: १०११, ०११० आणि ११००. पॅरिटी येते ०००१. आता पहिल्या डिस्कवर १०११ च्या जागी ००११ लिहिलं. पॅरिटीही बदलून १००१ व्हायला हवी. पण तेवढ्यात लाइट गेली! डेटा नवा, पॅरिटी जुनी. सर्व्हर पुन्हा सुरू झाला, सगळं ठीक दिसतंय, कोणाला पत्ता नाही. पॅरिटी पुन्हा जुळवायच्या आत तिसरी डिस्क मेली. ॲरे म्हणतो, काळजी करू नका, मी परत काढून देतो. काय काढतो? ००११, ०११० आणि ०००१ यांचा एक्स-ऑर: ०१००. खरं उत्तर होतं ११००.

लक्षात घ्या, तिसऱ्या डिस्कवरच्या डेटाला कोणी हातही लावला नव्हता. ज्याने फाइल बदलली त्याची शाबूत आहे, आणि ज्याने सहा महिन्यांत फाइल उघडली नाही त्याची बिघडली. तीही गुपचूप, एररसुद्धा न येता. 'करून गेला गाव आणि भलत्याचंच नाव' ही म्हण रेड-५ ला तंतोतंत लागू पडते.

पर्सिस्टंट मेमरीत आधी नोंद असेल तर हे भोक बुजतं. सर्व्हर उठल्यावर पहिल्यांदा वही उघडतो, कुठली लिखाणं अर्धवट राहिली ते बघतो आणि डेटा-पॅरिटी दोन्ही पुन्हा लिहून टाकतो. साध्या डिस्कवर लॉग ठेवूनही भोक बुजवता येतं. पण मग प्रत्येक लिखाण आधी लॉगच्या डिस्कवर आणि मग ॲरेवर, आणि पोचेला पुन्हा तीच फिरणारी तबकडी आडवी येते. सुरक्षा मिळवायला वेग द्यावा लागतो. वहीच जलद असली तर दोन्ही मिळतं.

ही कल्पना आजची नाही. १९८९-९० च्या सुमाराला लेगाटो कंपनीचं प्रेस्टोसर्व्ह नावाचं एक कार्ड सनच्या सर्व्हरमध्ये बसायचं. त्यावर बॅटरीच्या आधाराने टिकणारी मेमरी असे, तीही जेमतेम एखादं मेगाबाइट. आज मोबाइलमधला एक फोटोही तिच्यात मावणार नाही! पण त्या काळच्या एन.एफ.एस. प्रोटोकॉलचा नियम होता की डेटा टिकाऊ जागी पोचल्याशिवाय सर्व्हरने पोच द्यायची नाही. तेवढ्या लहानशा टिकाऊ जागेनेच सर्व्हर हलका व्हायचा. पुढे नेटॲप कंपनीच्या डेव्ह हिट्झ, जेम्स लाऊ आणि मायकेल माल्कम यांनी १९९४ साली आपल्या फाइल सर्व्हरची रचना पेपर लिहून मांडली. तिथेही हीच युक्ती: आलेल्या मागण्या टिकाऊ मेमरीत नोंदवायच्या आणि रेडवर सावकाश, गोळा करून लिहायचं.

आणि हे काही फक्त अमेरिकेत चाललं होतं असं नाही. केडगाव स्टेशनवरून गाडी पकडून दिवसात जाऊन येता येईल इतक्या अंतरावर, पुण्यात, व्हेरिटास या स्टोरेज सॉफ्टवेअरच्या कंपनीचं मोठं डेव्हलपमेंट सेंटर होतं. त्यांच्या व्हॉल्यूम मॅनेजरमध्ये रेड-५ साठी वेगळा लॉग ठेवायची सोय आहे, आणि फाइल सिस्टीममध्येही 'आधी काय करणार ते लिही, मग कर' हाच मंत्र आहे. कंपनी २००५ मध्ये सिमँटेकमध्ये गेली, २०१६ मध्ये पुन्हा वेगळी झाली, २०२४ अखेरीस तिचा मोठा भाग कोहेसिटीत विलीन झाला. पाट्या बदलल्या, पण स्टोरेजचं काम जाणणाऱ्या इंजिनिअरांची एक पिढी पुण्यात तयार झाली. आपले सीनियर कॅम्पसच्या वेळी "जावा कर, जावा कर" म्हणतात, ते ठीक आहे. पण हाही एक पोटापाण्याचा आणि अभिमानाचा धंदा आपल्या जिल्ह्यात आहे, हे कोणीतरी सांगायला हवं.

लिनक्समध्ये तर हे सगळं आज फुकट आहे. कर्नल ४.४ (जानेवारी २०१६) पासून सॉफ्टवेअर रेड-५ ला वेगळं जर्नल जोडता येतं. ४.१० (फेब्रुवारी २०१७) पासून ते राइट-बॅक पद्धतीने, म्हणजे जर्नलमध्ये पोचताच पोच देऊन, चालवता येतं. ४.१८ (ऑगस्ट २०१८) मध्ये डी.एम.-राइटकॅश नावाचं मॉड्यूल आलं. ते फक्त लिखाणं साठवतं, आणि पर्सिस्टंट मेमरी किंवा एस.एस.डी. दोन्हींवर चालतं.

आता हार्डवेअर. एन.व्ही.डिम नावाची मेमरी असते. साधी रॅम, शेजारी फ्लॅश आणि एक सुपरकपॅसिटर. वीज गेली की कपॅसिटरमधल्या शिल्लक विजेवर रॅममधला मजकूर फ्लॅशमध्ये उतरवला जातो आणि वीज आली की परत भरला जातो. दुसरी वाट इंटेल आणि मायक्रॉनने २०१५ साली दाखवली: थ्री-डी क्रॉसपॉइंट, म्हणजे मुळातच न विसरणारा पदार्थ. इंटेलने २०१९ मध्ये ऑप्टेन नावाने १२८, २५६ आणि ५१२ जी.बी.चे मेमरी मॉड्यूल बाजारात आणले. आणि २०२२ च्या जुलैमध्ये हा धंदा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्यावर पुष्कळांनी पर्सिस्टंट मेमरीचं श्राद्ध घातलं. मला ते पटत नाही. एका कंपनीची वही छापायची बंद झाली म्हणून कोणी रोजकीर्द ठेवायचं सोडतं का? प्रेस्टोसर्व्हपासून आजपर्यंत पदार्थ पाच वेळा बदलला असेल, युक्ती तीच राहिली.

मग आपल्यासारख्यांनी करायचं काय? इथे मला त्या दुसऱ्या, खोट्या वाटेबद्दल बोलायचं आहे, कारण ती फार सोपी आहे. रेड कार्डावर राइट-बॅक नावाची एक सेटिंग असते. कार्डावरच्या मेमरीला बॅटरी असेल तर ती वापरायची असते. बॅटरी मेली की कार्ड शहाण्यासारखं आपोआप सावध होतं आणि सर्व्हर हळू चालायला लागतो. पण त्याच मेनूत आणखी एक पर्याय असतो: बॅटरी नसली तरी राइट-बॅक चालूच ठेवा. एक बटण दाबलं की सर्व्हर पुन्हा घोड्यासारखा!

माझ्या पाहण्यातल्या एका लॅबमध्ये हेच झालं होतं. नाव नको. बॅटरी फुगली म्हणून काढून टाकलेली, नवीन मागवायचं राहून गेलेलं, आणि ते बटण दाबलेलं. दोन महिने सगळे खूष. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, विजा कडाडल्या, लाइट गेली, यू.पी.एस.ने दोन मिनिटांत मान टाकली. सर्व्हर उठला तेव्हा टर्मवर्कच्या डेटाबेसची टेबलं उघडेनात. शेवटचा बॅकअप आठवड्यापूर्वीचा. ज्यांनी अपलोड केलंच नव्हतं ते आणि ज्यांनी वेळेत केलं होतं ते, दोघे एकाच रांगेत उभे राहिले. वेळेत करणाऱ्यांकडे पुरावा काय? स्क्रीनवर 'सेव्ह झालं' असं दिसलं होतं, एवढाच. पट्टी हातात, वहीत नोंद नाही. एका मुलीला तर "तू केलंच नसशील" असंही ऐकून घ्यावं लागलं. त्या दिवशी मला कळलं की पोच ही टेक्निकल गोष्ट नाही. पोच म्हणजे शब्द आहे. सर्व्हरने दिलेला शब्द माणसाला पाळता आला नाही, तर भोगतो मात्र तिसराच.

यावर तीन आक्षेप नेहमी येतात. पहिला: "यू.पी.एस. आहे ना!" आहे, पण यू.पी.एस. विजेपुरता. कर्नल पॅनिक झाला, एस.एम.पी.एस. जळला, कोणाच्या पायात वायर अडकली, तर यू.पी.एस. काय करणार? आणि आपल्या भागातल्या यू.पी.एस.च्या बॅटऱ्या किती वर्षांच्या आहेत, ते एकदा स्टिकर पुसून बघावं.

दुसरा: "एस.एस.डी. बसवा, प्रश्नच मिटेल." वेगाचा प्रश्न बराचसा मिटेल, हे मान्य. पण एस.एस.डी.चं रेड-५ केलं तरी एका छोट्या लिखाणाला चार कामं लागतातच, उलट त्यातल्या जादा लिखाणांनी फ्लॅश लवकर झिजते. आणि लिखाणातलं भोक तर जसंच्या तसं. शिवाय बऱ्याच साध्या, घरगुती एस.एस.डी. स्वतःच आतल्या रॅममध्ये घेऊन ठेवतात आणि त्यांना वीज जाण्यापासून वाचवणारे कपॅसिटर नसतात. सगळा मोठा साठा एस.एस.डी.वर न्यायचे पैसे असतील तर आनंद आहे. नसतील, तर मोठा साठा फिरत्या डिस्कवर आणि छोटी टिकाऊ वही पुढे, ही मांडणी आजही शहाणपणाची आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यात वाईट: "हे मोठ्या कंपन्यांचं काम, आपण खेड्यातले." या गावात राहून हे वाक्य निदान आपण तरी बोलू नये. याच केडगावात पंडिता रमाबाईंनी शंभर वर्षांपूर्वी मुक्तीचा छापखाना चालवला. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी केलेला बायबलचा मराठी अनुवाद इथेच छापला गेला, आणि खिळे जुळवण्यापासूनची कामं दुष्काळातून वाचलेल्या, टाकून दिलेल्या बायका-मुली शिकल्या. त्यांना कोणी सांगितलं नाही, की हे मुंबईच्या छापखान्याचं काम आहे म्हणून.

मात्र एकांगी लिहायचं नाही, म्हणून मर्यादाही सांगतो. पर्सिस्टंट मेमरी म्हणजे गावातला पाण्याचा हौद. येणारा नळ मोठा आणि जाणारा लहान असेल, तर हौद कधी ना कधी भरणारच. गिगाबिट नेटवर्कवरून सेकंदाला ११८ एम.बी. येतंय आणि ॲरे सेकंदाला ४० एम.बी.च पचवतोय, तर दर सेकंदाला ७८ एम.बी. साठत जाईल. १६ जी.बी.चं मॉड्यूल साधारण साडेतीन मिनिटांत काठोकाठ. त्यानंतर पुन्हा डिस्कचाच वेग. म्हणजे सबमिशनच्या गर्दीसारखे झटके ही मेमरी सहज पचवते. कायमचा ओघ नाही.

कधी कधी तर तिची फारशी गरजही नसते. आपल्याच जिल्ह्यात, नारायणगावजवळ खोडदला जी.एम.आर.टी. आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आकाशाकडे कान लावून असतात. तिथला डेटा सलग, धो-धो येणारा. असा सलग ओघ लिहिताना पट्टे आपोआप पूर्ण भरतात, जुनं वाचावं लागत नाही, आणि रेड-५ चा तो २८ विरुद्ध ८ चा प्रश्न मुळात उभाच राहत नाही. म्हणून आधी बघा, की आपलं लिखाण कसलं आहे. डेटाबेस, मेल, साठ जणांच्या छोट्या फाइली असतील तर वही हवी. लेक्चरचे व्हिडिओ साठवायचे असतील, तर साधा ॲरे पुरे.

दुसरी सावधगिरी: वहीच जळाली तर? राइट-बॅकमध्ये पोच दिलेला डेटा काही काळ फक्त वहीत असतो. ते एकुलतं एक मॉड्यूल मेलं, की तो डेटाही गेला आणि ॲरेही अर्धवट राहिला. म्हणून मोठे सर्व्हर ही मेमरी दोन मशीनवर जोडीने ठेवतात. आपल्याकडे जोडी नसेल, तर लिनक्सचं जर्नल आधी राइट-थ्रू पद्धतीने चालवावं. वेग फार वाढणार नाही, पण भोक बुजेल. जर्नलची जोडी जमली, की मग राइट-बॅक. क्रम हाच असावा.

तिसरी गोष्ट प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी. मेमरी टिकाऊ आहे म्हणून व्हेरिएबलला किंमत दिली की काम झालं, असं नाही. ती किंमत आधी प्रोसेसरच्या कॅशमध्ये बसते, आणि कॅश टिकाऊ असेलच असं नाही. ती मुद्दाम खाली उतरवावी लागते, आणि 'नोंद पूर्ण' ही खूण नोंदीच्या नंतरच लिहिली गेली पाहिजे. मुनीमजी आकडा घालायच्या आधी सही करत नाहीत, तसंच.

आता मागणं. सर आणि मॅडम, तुमच्याकडे एक विनंती आहे. पुढचं कोटेशन मागवताना डिस्कच्या आकड्याआधी एक ओळ घाला: वीज गेल्यावर टिकणारा लिखाणाचा लॉग असावा. मग तो एन.व्ही.डिमचा असो, जिवंत बॅटरीच्या रेड कार्डाचा असो, किंवा पॉवर-लॉस संरक्षण असलेल्या लहानशा एस.एस.डी.चा असो. आणि आज लॅबमध्ये चालू असलेल्या कार्डाची सेटिंग एकदा उघडून बघा. त्याला पैसे पडत नाहीत.

मित्रांनो, तुमच्यासाठी बी.ई.चा प्रोजेक्ट तयार आहे. दरवर्षी 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम' करून लायब्ररीही कंटाळली असेल. लिनक्समध्ये साध्या रॅमचा एक भाग कर्नलला 'ही पर्सिस्टंट मेमरी आहे' असं सांगून वेगळा काढता येतो. वीज गेल्यावर तो टिकणार नाही, पण शिकायला आणि वेग मोजायला पुरतो. जुन्या चार डिस्क घ्या, रेड-५ करा, जर्नलशिवाय आणि जर्नलसह आकडे घ्या. मग खरी परीक्षा खऱ्या हार्डवेअरवर. एक छोटा प्रोग्रॅम लिहा: तो क्रमाने आकडे लिहील, सिंक करील, आणि पोच मिळाली की तो आकडा दुसऱ्या मशीनला कळवील. मध्येच सरळ प्लग उपटा. मशीन उठल्यावर बघा, दुसऱ्या मशीनकडे असलेला शेवटचा आकडा डिस्कवर आहे का? असला तर सर्व्हर शब्दाचा पक्का. नसला तर तो कितीही पळो, त्याच्यावर टर्मवर्क ठेवू नये. (प्लग उपटण्याआधी लॅब असिस्टंटना विचारा. आणि चालू सर्व्हरवर हा प्रयोग कृपया करू नका!)

वेग सगळ्यांनाच हवा असतो, मलाही हवा आहे. पण "झालं" असं म्हणण्याआधी ते कुठेतरी पक्कं लिहिलेलं असावं, एवढीच अट आहे. ती अट पाळूनही जलद चालता येतं, हे बाजारातल्या मुनीमजींनी कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी दाखवून दिलं आहे. आपण निदान त्यांच्याइतकं तरी शिकू या.